चालता येतं, पण परवडत नाही

आमच्या जूचंद्रमध्ये रांगोळी उकिडवं बसून काढतात. पाट घेतला तर तो सरकवताना कडेचा रंग विस्कटतो. व्यक्तिचित्र असेल तर आधी दोऱ्याने चौकटी पाडायच्या, मग खडूची कच्ची रेघ, मग करड्या रंगाचे थर, आणि अगदी शेवटी चिमटीतून गालावरचा उजेड सोडायचा. तो सोडताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा. एका चेहऱ्याला चौदा-पंधरा तास सहज जातात. मी अकरा वर्षांची असल्यापासून हे करत आले. दिवाळीत लांबलांबून लोक आमच्या गावात रांगोळ्या बघायला येतात, त्यात माझीही एक असायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ‘लबाडी’ हा शब्द येणार आहे.

एप्रिल २०२१ मध्ये घरात सगळ्यांना कोविड झाला. मला सगळ्यांत हलका. ऑक्सिजन लागला नाही, दवाखान्यात राहावं लागलं नाही. पंधरा दिवसांत मी भाकऱ्या थापायला उभी. त्या दिवाळीला नेहमीसारखी प्रदर्शनाला बसले. पहिला दिवस छान गेला, दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासायला गेले तर ब्रश हातात धरवेना. दुखत काही नव्हतं. हात माझा होता, पण उचलायला आतून कुणी नव्हतं. रांगोळीतल्या बाईचा एक डोळा मी काढला होता, दुसरा माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरीने काढला. बघणाऱ्यांना फरक कळला नाही. मला अजून कळतो.

पुढचे दहा महिने रक्ताच्या तपासण्यांत गेले. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, छातीचा फोटो ठीक. एका डॉक्टरांनी सांगितलं, अंगात जडपणा आलाय, रोज थोडं थोडं चालणं वाढवा. मी आज्ञाधारक. स्टेशनच्या रस्त्याला फेऱ्या सुरू केल्या; आधी एक, मग दोन, मग तीन. चौथ्या आठवड्यात अंथरूण धरलं ते सहा आठवडे. खिडकीचा पडदा सरकवला तरी डोळ्यांत सुया. सासूबाई पायाशी बसून म्हणायच्या, ‘कई नजर लागली गो तुला!’

नजरेचं नाव पुढे मुंबईतल्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, थोडक्यात एमई. दुसरं नाव क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकाळचा थकवा. हे दुसरं नाव १९८८ मध्ये अमेरिकेत ठरलं आणि तीच आमच्या वाटेतली धोंड झाली. थकवा कुणाला येत नाही? विरार लोकलने रोज चर्चगेट गाठणाऱ्या बाईला विचारा. तिच्यापुढे ‘मला थकवा आहे’ म्हणायची मला लाज वाटते.

पण या आजाराची खरी खूण थकवा नव्हेच. श्रम झाले की त्यानंतर सगळी लक्षणं उसळतात, आणि तीही लगेच नाही. बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी. वाण्याकडे उधारीची वही असते तसं. आज माल मिळतो, हसतखेळत घरी नेता येतो, आणि परवा सकाळी वाणी दारात उभा. बरं, व्याज किती लावील ते आधी सांगत नाही. श्रम म्हणजे नुसतं चालणंही नव्हे. लग्नातला डीजे, उन्हात उभं राहणं, मुलीच्या शाळेतली पालकसभा, बँकेतला फॉर्म, सगळं त्या वहीत चढतं. झोपून उठलं तरी झोप झालेली नसते. बोलताना साधे शब्द सापडत नाहीत. मी एकदा ‘कुकर’ हा शब्द शोधत गॅससमोर उभी होते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निदानाचे निकष ठरवले त्यात हेच आहे: सहा महिन्यांहून जास्त काळ घसरलेली ताकद, श्रमानंतरची उसळी, ताजेपणा न देणारी झोप, आणि जोडीला डोक्यातलं धुकं किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास. रक्ताची अशी एकही तपासणी नाही की जी बघून डॉक्टर म्हणतील, सापडला.

तपासणी नाही म्हटल्यावर संशय आलाच. तो आजचा नाही. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये कर्मचाऱ्यांत अशाच आजाराची साथ आली, पावणेतीनशेहून जास्त माणसं पडली, काही महिने हॉस्पिटल बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून लिहिलं की हा सामूहिक उन्माद असावा. त्यांचा एक आधार काय, तर आजारी पडलेल्यांत बायका फार. मला हे वाचून हसू आलं. आमच्या गल्लीतही हेच निदान झालं होतं, तेही कागद न चाळता.

आणि ते चालणं वाढवा प्रकरण? ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने, नाइसने, ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्यायचा व्यायाम आपल्या शिफारशींतून काढून टाकला. त्याऐवजी सांगितलं, आहे तेवढ्या शक्तीच्या आत राहा. मी स्टेशनच्या रस्त्याला तिसरी फेरी मारत होते तेव्हा हे कागदावर आलेलं होतं. जूचंद्रपर्यंत पोचायला वेळ लागला, इतकंच.

क्रिस्टीन मिझरँडिनो या अमेरिकन बाईंनी २००३ मध्ये आपल्या दुखण्यातली शक्ती चमच्यांनी मोजून मैत्रिणीला समजावली. दिवसाला इतके चमचे, अंघोळीला एक, कपडे घालायला एक. जगभरचे दीर्घ आजारी लोक तेव्हापासून चमचे मोजतात. मला चमचा काही जवळचा वाटला नाही. मी चिमटी मोजते. चांगल्या दिवशी माझ्या वाटीत बारा चिमटी रंग असतो. अंघोळीला दोन, केस धुवायचे तर तीन. गॅसपुढे उभं राहून स्वयंपाक तीन, स्टुलावर बसून केला तर दीड. उरलेला रंग उद्यासाठी ठेवता येत नाही, वाऱ्याने उडून जातो. उसना घेतलेला मात्र उद्याच्या वाटीतून वजा होतो. चित्रात रंग संपत आला की आपण चौकट मोठी ठेवतो, बारकावे सोडतो. मी दिवस तसा काढते.

बॅटरीची स्कूटर घेतली ती याच हिशोबाने. मोबिलिटी स्कूटर म्हणजे आपली अ‍ॅक्टिव्हा नव्हे. खुर्ची, पुढे हँडल, खाली चार छोटी चाकं, अंगठ्याने दाबायचा खटका, आणि वेग फार तर भरभर चालणाऱ्या माणसाइतका. माझी घडी होते आणि भाड्याच्या एर्टिगात मागे बसते, पण उचलायला दोन माणसं लागतात. जुनी घेतली, तरी सत्तर हजार लागले; पाटल्या मोडल्या. लेकीने तिच्यावर मागे छोटी रांगोळी रंगवली आहे. घरात तिला घोडी म्हणतात.

हा प्रकार शोधणारा माणूस होता मिशिगनचा ॲलन थीम, प्लंबिंगचा धंदा करणारा. घरात मल्टिपल स्क्लेरोसिसचं दुखणं होतं. त्या आजारात ताकद आज असते, उद्या नसते. १९६८ मध्ये त्याने घरच्या माणसासाठी बॅटरीवर चालणारी खुर्ची बनवली आणि तिला ‘अमीगो’ नाव दिलं, म्हणजे मित्र. मला ही गोष्ट फार उपयोगी पडते. स्कूटर मुळातच अशा माणसासाठी निघाली, ज्याला थोडं चालता येतं. व्हीलचेअरवर बसलेला माणूस उठून उभा राहिला की लोकांना चमत्कार वाटतो. स्कूटरवरची बाई उठून उभी राहिली की लबाडी वाटते.

‘चालतंस तं, मंग गारी कनाला गो?’ हा प्रश्न मला गावात, मासळीबाजारात, लग्नाच्या हॉलच्या दारात विचारला गेला आहे. सुरुवातीला मी पंधरा मिनिटं उत्तर द्यायचे, म्हणजे दोन चिमटी. आता म्हणते, ‘चालता येतं, परवडत नाही.’ आगरी माणसाला परवडणं न परवडणं पटकन कळतं. बायका मान हलवतात आणि पापलेटच्या भावाकडे वळतात.

कागदावर पटवणं अवघड. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन आहे. माझ्या आजाराचं नाव नाही. सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी चाळीस टक्के लागतात. एका सरकारी दवाखान्यात मी टक्के मोजून घ्यायला गेले होते. ‘चालून दाखवा,’ साहेब म्हणाले. मी भिंतीपासून टेबलापर्यंत चालून दाखवलं. दहा पावलं, अगदी सरळ. ‘छान,’ ते म्हणाले. मला वाटलं सांगावं, हेच परवा या वेळेला या, माझ्या घरी, आणि मग बघा. पण परवाचा रकाना त्या फॉर्मात नव्हता.

आता ही घोडी घेऊन लेकीसोबत मनोरंजन पार्कात गेले त्याचं. मुळात तिथे जायची हौस कुठून आली? १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं तेव्हा मी लहान होते. पुढे शाळेची सहल गेली. नायगावहून लोकल, बोरिवलीला उतरून खाडीची बोट, आणि बोटीतूनच दिसणारे पाळणे. आम्ही खाडीकाठची पोरं, बोटीचं काय कौतुक. पण त्या दिवशी बोटसुद्धा जत्रेतली वाटली. लेक तेरा वर्षांची झाली तेव्हा तिला तसं काहीतरी द्यायचं मनात होतं. एस्सेल वर्ल्ड तोवर बंद झालेलं. खोपोलीचं इमॅजिका २०१३ पासून आहे, वसई-विरारच्या आसपास वॉटर पार्क आहेत. आम्ही वेगवेगळ्या वर्षी दोन ठिकाणी गेलो. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथे जे झालं ते कुठेही झालं असतं.

पहिल्या वेळी मी चुकले. मे महिना, रविवार. गेटावर उतार होता, पण तो उतार म्हणजे दोन पायऱ्यांवर ओतलेलं सिमेंट. नियम साधा आहे, उताराला एकास बारा प्रमाण हवं. सहा इंच चढायचे तर सहा फूट लांबी. इथे फूटभर चढ तीन फुटांत उरकला होता. घोडीची पुढची चाकं हवेत गेली. मागून नवऱ्याने आणि नारळपाणी विकणाऱ्या एका दादांनी धरलं म्हणून निभावलं. आत तिकीट दाखवायला वीस मिनिटं उन्हात थांबलो. पहिल्या राइडपर्यंत पोचले तेव्हा वाटीत चार चिमटी. दुपारी दोनला परत निघालो. लेक गाडीत काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

दुसऱ्या वेळी मी रांगोळीसारखं आखलं. जानेवारीचा मंगळवार, शाळेला दांडी. आधीचे चार दिवस स्वयंपाक सासूबाईंकडे. पहाटे निघालो, बापाणे फाट्यावरून हायवेला लागलो ते घोडबंदरची कोंडी सुरू व्हायच्या आत. मी मागच्या सीटवर आडवी, डोळ्यांवर ओढणी, कानात कापूस. अकराला पोचणार, चारला बाहेर पडणार, मध्ये दोन वेळा अर्धा अर्धा तास आडवं होणार. कुठे, हे फोन करून आधी विचारलं होतं. प्रथमोपचाराच्या खोलीत एक खाट असते, तिथल्या नर्सबाईंनी ‘या’ म्हटलं. पिशवीत मीठ-साखरेचं पाणी, घडीचं स्टूल, टोपी. आणि एकच ठराव: मला दोन राइड, लेकीला हव्या तेवढ्या.

अंतर घोडीने खाल्लं. पार्कमध्ये लोक दिवसभरात किती चालतात ते चालणाऱ्यांना कळत नाही. राइडपासून राइड, तिथून पाणी, तिथून स्वच्छतागृह, पुन्हा उलटं. बसल्यावर कळतं, कारण बॅटरीचे दिवे एकेक विझताना दिसतात. चढावर लवकर विझतात. पण खरा प्रश्न रांगेचा. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. धडधाकट शरीर शिरा आवळून ते वर लोटतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. आमच्यातल्या पुष्कळांचं शरीर ते काम नीट करत नाही. मग हृदय धावायला लागतं, डोकं रिकामं होतं, आणि चेहऱ्यावर यातलं काहीही दिसत नाही. मला पाच मिनिटं चालणं झेपतं. पाच मिनिटं नुसतं उभं राहणं झेपत नाही.

पहिल्या राइडच्या तोंडाशी रांगेची वाट लोखंडी कठड्यांत नागमोडी वळणारी, घोडी वळत नव्हती. मी राइडवर काम करणाऱ्या पोराला सांगितलं, मला रांगेत उभं राहता येत नाही. तो म्हणाला, ‘मॅडम, पण तुम्हाला चालता येतं ना?’ येतं, म्हटलं. ‘मग रांगेतूनच यावं लागेल.’ लेक रांगेत उभी राहिली, मी कठड्याबाहेर, तिचा नंबर आल्यावर मला हाक. तेवढ्यात एक गृहस्थ आपल्या व्हीलचेअरवरच्या मुलाला घेऊन आले, त्याच पोराने अगदी अदबीने विचारलं, ‘सर, यांना चालता येतं का? नाही? मग या राइडवर घेता येणार नाही.’ कारण खरं आहे. मध्येच वीज गेली किंवा राइड अडकली तर अरुंद पायवाटेने, जिन्याने स्वतःच्या पायांनी खाली यावं लागतं. हा नियम जगभर पुष्कळ राइडना आहे आणि तो पोरगा काही वाईट नव्हता. पण एकाच प्रश्नाने त्याने दोन दारं बंद केली. त्या मुलाला येत नाही म्हणून, मला येतं म्हणून. मुलाचे वडील माझ्याकडे बघून हसले. आम्ही दोघांनी मिळून आइस्क्रीम घेतलं.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, मुलांना घेऊन ऑर्लँडोच्या डिस्नीत गेली होती. तिथे अशा स्कूटर दिवसाच्या भाड्याने मिळतात, रांगांच्या बहुतेक वाटा त्यांच्या मापाच्या. ज्यांना रांग झेपत नाही त्यांना वेळ देऊन ठेवायची, ते सावलीत बसून मग यायचे, अशी सोय २०१३ पासून होती. तिच्याआधी सोपी चिठ्ठी मिळायची. पण श्रीमंत कुटुंबं रांग टाळायला अपंग माणूस भाड्याने सोबत नेतात अशा बातम्या आल्या आणि चिठ्ठी गेली. २०२४ मध्ये नवी सोयही आवळली, आता ती मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अपंगत्वासाठी. स्कूटर आहे ना, मग रांगेत स्कूटरवर बसा, असा एकंदर सूर. म्हणजे लबाडी करणारे आले आणि गेले, हिशोब आमच्या वहीत चढला.

उलट टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला मॉर्गन्स वंडरलँड म्हणून पार्क आहे, २०१० सालचं. गॉर्डन हार्टमन या बिल्डरच्या लेकीला, मॉर्गनला, पोहण्याच्या तलावात इतर मुलांशी खेळायचं होतं आणि मुलं बाहेर निघून गेली. बापाने पार्क बांधलं. अपंग माणसाला तिकीट नाही. पाळणा असा की चाकाच्या खुर्चीसकट आत जायचं. २०१७ मध्ये शेजारी वॉटर पार्क काढलं, तिथे पाण्यात नेता येणाऱ्या खुर्च्या आहेत. बॅटरी भिजली तर संपलं, म्हणून त्या दाबलेल्या हवेवर चालतात. हवा भरायला दहाएक मिनिटं पुरतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर चालणारी खुर्ची! हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो वालीवच्या कारखान्यात फिटर आहे. दोन दिवस तो कागदावर काहीतरी काढत होता.

आपल्याकडे पार्कांत असं मोठं उदाहरण मला माहीत नाही, पण गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट सुरू झाला, दिव्यांगांचा उत्सव, सरकारी खर्चाने. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे करा. उतार एकास बारा हवा तो हवाच. ते सक्तीचं सिमेंट आमच्या गेटावर कधी ओततात ते बघायचं.

तर त्या मंगळवारी मी दोनच राइड घेतल्या. एक अंधाऱ्या बोगद्यातून बोटीने जायची, संथ. दुसरी लहान मुलांचं चक्र, त्यात लेकीला लाज वाटली म्हणून ती बसली नाही, मी एकटीच घोड्यावर. तिने मोठा रोलर कोस्टर तीनदा केला. मी खाली झाडाच्या सावलीत घोडीचं आसन मागे कलवून, डोळे मिटून तिच्या किंकाळीची वाट बघायची. तिसऱ्यांदा ओळखू आली. पावणेचारला गेटाबाहेर. बुधवारी मी ठीक होते, कपडेसुद्धा घडी केले. गुरुवारी वाणी आला. शनिवारपर्यंत बसला होता. मे महिन्यातल्या त्या रविवारने सहा आठवडे घेतले होते, याने तीन दिवस. हा माझा आजवरचा सगळ्यांत स्वस्त सौदा.

आमच्या गावात चंडिकादेवीची जत्रा भरते. देवी टेकडीवर, पायऱ्या चढून. तिथे घोडी जात नाही, मीही जात नाही. खालूनच हात जोडते, सासूबाई वरून अंगारा आणतात. खाली जत्रेत पाळणा येतो. यंदा मी त्याच्यापुढे घोडी थांबवली. पाळणेवाला पोरगा वीस-बावीसचा, तोंडात गुटखा. मी म्हटलं, रांगेत उभं राहता येणार नाही, चार पावलं चालेन. त्याने चालतं का, किती चालतं, कागद आहे का, काही विचारलं नाही. आत ओरडून मोटार थांबवली, एक खोका खाली आणला, दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, आणि गुटखा थुंकून म्हणाला, ‘बसा मावशी, घाई नाय.’

वर गेल्यावर मिठागरं दिसली, पलीकडे खाडी, वसई-दिवा लाइनवरून सरकणारी मालगाडी. मग खाली बघितलं. माझ्या घोडीवर तीन पोरं बसली होती, चौथं मागे लोंबकळत होतं, आणि ती भेळवाल्याच्या दिशेने हळूहळू निघाली होती. किल्ली काढायला मी विसरले होते.